पत्रा वाजवून गाडी घेणारे

शोरूममध्ये गाडी बघायला गेलेला आपला माणूस आधी किंमत विचारत नाही, मायलेजही विचारत नाही. ते दोन्ही घरूनच पाठ करून आलेला असतो. तो बॉनेटवर बोटाचं पेर वाजवतो. मग दार उघडतो, लावतो, पुन्हा उघडतो, पुन्हा लावतो. ‘धप्प’ असा आवाज आला तर सोबतच्या मेहुण्याकडे बघून मान डोलावतो. ‘खण्ण’ आला तर निकाल लागला: डबा आहे. पुढचं वाक्यही ठरलेलं, “बाहेरच्या गाड्यांचा पत्रा बघ एकदा. टेकून उभं राहिलं तरी दबत नाही.”

माझी नोकरीची बहुतेक वर्षं भोसरीत गेली, गाड्यांसाठी पत्र्याचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात, क्वालिटी खात्यात. पत्रा मोजणं हे माझं पोटापाण्याचं काम होतं. म्हणून हे वाक्य ऐकलं की माझ्या कपाळावर आठी येते. गाडीचा बाहेरचा पत्रा, मग ती चाकणची असो की जर्मनीहून जहाजात बसून आलेली, साधारण पाऊण मिलिमीटरच्या आसपास असतो. कुठे ०.६५, कुठे ०.८. एवढ्या फरकावर जीव वाचत नाही आणि जातही नाही. टक्कर होते तेव्हा माणसाला राखायचं काम आतला सांगाडा करतो: पुढचे-मधले खांब, दाराखालचा सिल, दाराच्या पोटातली आडवी दांडी. तिथलं पोलाद वेगळं असतं. ते लालबुंद तापवून साच्यात दाबतात आणि साच्यातच झटकन थंड करतात. त्याची ताकद साध्या पत्र्याच्या चार-पाच पट भरते. त्याच्यावर टिचकी मारता येत नाही, कारण ते दिसतच नाही.

‘धप्प’ची गोष्टही तीच. दाराच्या आत डांबरी थराची पट्टी चिकटवली, रबराचं सील दुहेरी केलं, लॅच नीट बसवला की कुठलंही दार धप्प वाजतं. दाराचा आवाज कसा यावा हे ठरवायला कंपन्यांत पगारी माणसं असतात. गिऱ्हाईक काय वाजवून बघतं हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं.

तरीही ‘बाहेरची ती बाहेरची’ हे आपल्या मनात इतकं घट्ट का बसलं, याला कारण आहे, आणि ते खोटं नाही. ते कुर्ल्यात आणि कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्यात घडलं.

मुंबईत गाड्या जोडायचं काम तसं जुनं. शिवडीला जनरल मोटर्स १९२८ पासून गाड्या जोडत होती. फोर्डचंही काम इथे होतं. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्याला कारखाना उभारला, आधी क्रायस्लरच्या गाड्या आणि मग फियाटच्या जोडायला सुरुवात केली. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सरकारने बजावलं की सुटे भाग आणून नुसते नट आवळायचे असतील तर इथे जागा नाही, टप्प्याटप्प्याने गाडी इथेच बनवायचा कार्यक्रम दाखवा. जनरल मोटर्स आणि फोर्डने गाशा गुंडाळला. गाड्या बनवणारे मुख्य असे तिघे उरले: उत्तरपाड्याची हिंदुस्थान मोटर्स, कुर्ल्याची प्रीमियर आणि मद्रासची स्टँडर्ड. दारावर कुलूप घातलं, आत तिघे, आणि बाहेर भली मोठी रांग.

हिंदुस्थान मोटर्सने इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या आवृत्तीचं सामान आणलं आणि १९५७ पासून अँबॅसडर बनवायला घेतली. ती बंद झाली २०१४ मध्ये. इंग्लंडमध्ये ते मॉडेल काही वर्षांत बदललं, इथे सत्तावन्न वर्षं चाललं. लोखंडाचं काम केलेल्या माणसाला यातली मेख लगेच कळते. पत्रा दाबायचा साचा झिजतो. लाखो वेळा पत्रा त्याच्यावर आपटला की कडा बोथट होतात, कोपऱ्यांची गोलाई वाढते, बॉनेट आणि मडगार्ड यांच्यातली फट एका टोकाला तीन मिलिमीटर आणि दुसऱ्या टोकाला आठ भरते. मग नवा साचा घ्यायचा, नाहीतर लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची. नवा साचा महाग. लांबी स्वस्त. आणि रांगेत उभं असलेलं गिऱ्हाईक कुठे जाणार होतं?

माझा मामा ठाण्याला राहायचा. त्याने बरीच वर्षं नंबर लावून ठेवलेली फियाट अखेर आली. डिलिव्हरी घेऊन तो आधी देवळात गेला, आणि देवळातून थेट मिस्त्रीकडे. कोरी करकरीत गाडी, टायरला अजून रबराचे केस, आणि मिस्त्री तिला खड्ड्यावर घेऊन खालून एकेक नट पाहतोय. मामीने विचारलं, “अहो, नवीच आहे ना?” मिस्त्री म्हणाला, “वहिनी, कंपनीने नट लावलेत. आवळायचं काम आपलं.” यावर कुणी हसलं नाही, कारण ती रीतच होती. साठच्या दशकाच्या अखेरीस तर सरकारने मोटारींच्या दर्जाची चौकशी करायला समितीच नेमली होती. ज्या सरकारने कुलूप लावलं त्यानेच आत वास का येतो म्हणून विचारायचं, हा आपला खास प्रकार.

त्याच मामाच्या फियाटबद्दल दोन चांगले शब्द बोलल्याशिवाय मात्र पुढे जाणं बरं नव्हे. १०८९ सीसीचं साधं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्याला गिअर, समोरच्या सीटवर तिघे. १९७४ पासून तिचं नाव पद्मिनी झालं, आतला जीव तोच राहिला. पॉइंट घासून, प्लग पुसून, कार्बोरेटरच्या जेटमध्ये फुंकर मारून ती कुठेही सुरू व्हायची. तिच्या किंगपिनची आणि क्लचप्लेटची दुरुस्ती कसाऱ्यापासून कणकवलीपर्यंत कुठल्याही गावात व्हायची. मुंबईत टॅक्सी म्हणून ती ऑक्टोबर २०२३ पर्यंत टिकली, तीही वयाची कायद्याने ठरवलेली वीस वर्षं भरली म्हणून उतरली. हा दर्जा म्हणायचा की नाही? माझं मत असं की दुरुस्त होणं हा मोठा गुण आहे, पण दर महिन्याला दुरुस्त करावी लागणं हा नाही. आठवणी काढताना आपण पहिला लक्षात ठेवतो आणि दुसरा विसरतो.

त्या काळात ‘इंपोर्टेड’ गाडी म्हणजे काय होतं? वकिलातींच्या वापरलेल्या गाड्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत लिलावात यायच्या, काही परदेशातून कायमचं परतणाऱ्यांनी आणलेल्या असायच्या. सिनेनट आणि बिल्डर त्या घ्यायचे. लांबलचक इंपाला गल्लीत शिरली की पोरं मागे धावायची. त्यांचं पुढे काय व्हायचं ते पोरांना दिसायचं नाही. गाडी तीन-चार वर्षांनी हात बदलायची, मग पुन्हा बदलायची. भाग मिळायचे नाहीत. आठ सिलिंडरांचं पेट्रोल परवडायचं नाही. शेवटी एखादा मिस्त्री तिच्यात टेम्पोचं डिझेल इंजिन बसवायचा आणि ती अमेरिकन राणी धडधडत लग्नाच्या वरातीत फिरायची. परदेशी गाडीचा दर्जा तिच्यात एकटीत नसतो. तिच्यामागे पेट्रोल, रस्ता, भागांचं दुकान आणि शिकलेला मेकॅनिक असा सगळा गोतावळा लागतो. तो जहाजात बसून येत नाही.

मग १९८३ च्या १४ डिसेंबरला पहिली मारुती ८०० गिऱ्हाइकाच्या हाती पडली. तिच्याबद्दल इतकं लिहून झालंय की मी एवढंच सांगतो: सुरुवातीच्या गाड्यांचं बरंचसं सामान जपानहून यायचं, आणि पुढे कितीतरी वर्षं जुन्या गाड्यांच्या बाजारात ‘जपानी सामानवाली’ अशी वेगळी पत असायची. पण मला महत्त्वाचं वाटतं ते दुसरंच. ते सामान हळूहळू इथे बनवायचं ठरलं तेव्हा ते बनवणार कोण? आमच्यासारखे कारखाने. तिथून खरी परीक्षा सुरू झाली.

आता जरा भोसरीतच बसू.

मी ज्या काळाबद्दल बोलतोय तो नव्वदच्या दशकाचा शेवट. आमच्याकडे दोन गिऱ्हाइकं होती. एक देशी, एक जर्मन. नावं सांगण्यात अर्थ नाही. दोघांसाठी आम्ही जवळजवळ सारखीच ब्रॅकेट बनवत होतो, तळहातापेक्षा लहान, दोन भोकांची, एका भोकातून वायरिंग जायचं. प्रेस तीच. पत्र्याची कॉइल एकाच व्यापाऱ्याकडची. प्रेसवरचा माणूसही तोच, जुन्नरकडचा, हाताने अतिशय नेटका. भोकांच्या मापातली सूटही दोन्ही ड्रॉइंगवर तेवढीच होती.

पण जर्मन ड्रॉइंगवर भोकाशेजारी एक बारीक बाण होता आणि त्याच्यापुढे एक ओळ. अर्थ असा की बर या बाजूला येऊ नये. पत्र्यात भोक पाडलं की पंच ज्या बाजूने बाहेर पडतो तिथे कडेला बारीक धारदार काटेरी ओठ राहतो, त्याला शॉपमध्ये बर म्हणतात. अंगठा फिरवला की लागतो. वायर ज्या बाजूने आत शिरते आणि वळते तिथे बर आली तर गाडी थरथरताना ती वायरच्या प्लास्टिकला रोज थोडं थोडं खात राहते. पहिल्या वर्षी काही होत नाही. दुसऱ्या वर्षीही नाही. मग एका पावसाळ्यात गाडीचा एखादा दिवा मधूनच जायला लागतो, मधूनच येतो. मेकॅनिक फ्यूज बदलतो, बल्ब बदलतो, रिले बदलतो. मालक म्हणतो, “इंडियन गाड्यांचं इलेक्ट्रिकल बेकार.” त्याचं अख्खं मूळ एका ब्रॅकेटच्या भोकाच्या चुकीच्या बाजूला असतं.

देशी ड्रॉइंगवर तो बाण नव्हता. त्यामुळे आम्ही पत्रा जसा सोईस्कर पडेल तसा फिरवत होतो आणि ते पूर्णपणे नियमात होतं. बाण पाळायला जास्त खर्च किती येत होता? जवळजवळ काहीच नाही. साचा तयार करताना डिझायनरला पंच खालून की वरून एवढं ठरवायचं होतं. तेवढं ठरवायला कुणीतरी ‘ही वायर तीन वर्षांनी कशी असेल’ असा विचार करावा लागतो. कुणाच्या ड्रॉइंगवर तो विचार होता आणि कुणाच्या नव्हता, एवढाच त्या वेळी देशी आणि परदेशी गाडीत फरक होता, निदान माझ्या टेबलावरून तरी.

ऑडिटला येणाऱ्या माणसांतही तो दिसायचा. देशी कंपनीचा खरेदीवाला आला की चहा व्हायच्या आधी विचारायचा, “यंदा रेट किती कमी करताय?” जर्मन कंपनीचा माणूस यायचा (तोही आपलाच, चिंचवडला राहणारा, बायको शाळेत शिक्षिका) आणि सरळ जाऊन लाल डबा बघायचा. नापास झालेला माल ज्या डब्यात टाकतात तो. त्याला कुलूप आहे का, किल्ली कुणाकडे, आतल्या नगांची नोंद वहीत जुळते का. चांगला माल त्याला बघायचाच नसायचा. “चांगला तर सगळेच दाखवतात,” म्हणायचा. पुढे काही वर्षांत देशी कंपन्यांची माणसंही आधी लाल डब्याकडे जायला लागली, आणि त्यांच्या ड्रॉइंगवरही बाण आले. त्या सुमाराला बाजारातल्या देशी गाड्या बदलल्या हा योगायोग नाही. भोसरी-चाकणच्या पट्ट्यातल्या कुणालाही विचारा.

आमच्या शेजारची, पिंपरीची गोष्ट या बाबतीत मजेशीर आहे. टेल्कोने, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सने, ३० डिसेंबर १९९८ ला इंडिका बाजारात आणली. आपली स्वदेशी गाडी म्हणून किती अभिमान! तो असायलाच हवा होता. पण तिचं रूप इटलीतल्या ट्यूरिनच्या स्टुडिओत घडलं होतं, आणि ती जोडायची यंत्रणा निस्सानने ऑस्ट्रेलियात बंद केलेल्या कारखान्याची होती, ती सोडवून जहाजाने पुण्याला आणली होती. पहिल्या गाड्यांबद्दल तक्रारी आल्या, कंपनीने त्या एकेक करून निस्तरल्या आणि २००१ ची व्ही-टू ही वेगळीच गाडी निघाली. इंडिकाच्या तीन वर्षं आधी, त्याच पिंपरीत, टेल्कोच्याच आवारात १९९५ पासून मर्सिडीज जोडली जायला लागली होती. लोकांनी ‘जर्मन’ म्हणून घेतली ती गाडी पिंपरीत आवळलेली होती. वर ते मॉडेलही असं की जगात त्याच वर्षी त्याची पुढची पिढी आली. आपल्याला इंपोर्टेड म्हणून शिळं वाढलं, आणि आपण ते मिटक्या मारत खाल्लं.

न्यू जर्सीतला माझा चुलतभाऊ, दादा, याच्याशी हा विषय काढला की गंमत येते. तिकडे ‘डोमेस्टिक’ म्हणजे डेट्रॉइटची आणि ‘इंपोर्ट’ म्हणजे जपानी. तिथे वाद आपल्यासारखाच, फक्त स्वदेशीवाले वेगळे. दादा टोयोटाशिवाय दुसरं काही घेत नाही. ती केंटकीत बनते हे त्याला माहीत आहे, तरी बोलताना ‘जपानी गाडी’ म्हणतो. त्याला मी दर वेळी फ्रीमाँटची आठवण करून देतो आणि तो दर वेळी “हो रे, सांगितलंयस” म्हणतो. पण तुम्हाला कदाचित सांगितलेलं नसेल.

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला जनरल मोटर्सचा एक कारखाना होता, अत्यंत बदनाम. कामगार दांड्या मारायचे, मालक-कामगार एकमेकांचे वैरी, गाड्या तशाच निघायच्या. १९८२ मध्ये तो बंद केला. दोन वर्षांनी जनरल मोटर्स आणि टोयोटा यांनी भागीदारीत तोच कारखाना पुन्हा उघडला. इमारत तीच, आणि कामगार बहुतेक तेच, ते बदनाम कामगार. त्यांच्यातल्या अनेकांना जपानला नेऊन टोयोटाचं काम दाखवलं. लाइनवर दोरी बसवली: ज्याला खोट दिसेल त्याने ओढायची. जुन्या कारखान्यात लाइन थांबवणं हा गुन्हा होता, इथे खोट बघून न थांबवणं हा. थोड्याच काळात तिथून निघणाऱ्या गाड्यांचा दर्जा जपानच्या गाड्यांच्या जवळ पोचला. आमच्या जुन्नरकर ऑपरेटरला मी ही गोष्ट एकदा सांगितली तेव्हा तो म्हणाला, “म्हणजे साहेब, माणसं वाईट नव्हती.” एवढंच बोलून तो प्रेसकडे गेला.

त्या फ्रीमाँटमधून एकाच सांगाड्याच्या दोन गाड्या निघायच्या, एकीवर शेवरोलेचं चिन्ह, दुसरीवर टोयोटाचं. आपल्याकडे २०१९ पासून हेच चालू आहे. बलेनो आणि ग्लांझा या गुजरातमधल्या सुझुकीच्याच कारखान्यात होतात. माझा भाचा गेल्या वर्षी या दोघींत अडकला होता. त्याचे मित्र सांगत होते, “टोयोटा घे, पत्रा मजबूत असतो.” मी म्हटलं, “अरे, पत्रा एकाच कॉइलचा असेल. फरक वॉरंटीत बघ, सर्व्हिस सेंटर किती लांब आहे ते बघ.” त्याने माझं ऐकून घेतलं आणि दोन्हींच्या बॉनेटवर टिचकी मारून आला.

इंजिनाची तर याहून कहर गोष्ट. एके काळी फियाटचं १.३ लिटरचं डिझेल इंजिन मारुतीच्या स्विफ्टमध्ये होतं, टाटाच्या इंडिका व्हिस्टामध्ये होतं, आणि स्वतः फियाटच्या पुंटोमध्येही. टाटा आणि फियाटची इंजिनं आपल्या रांजणगावला बनत, मारुतीची परवाना घेऊन हरियाणात. लोक गमतीने त्याला राष्ट्रीय इंजिन म्हणायचे. पण चहाच्या टपरीवर काय चालायचं? “मारुतीचं डिझेल एकदम भारी. फियाटच्या गाड्या काही खऱ्या नाहीत.”

हे सगळं वाचून मी देशी गाड्यांची वकिली करतोय असं वाटलं असेल तर थांबा. २०१४ च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच छोट्या गाड्या जर्मनीत नेऊन ताशी ६४ किलोमीटरने आपटल्या. अल्टो, नॅनो, फिगो, आय-टेन आणि पोलो. पाचही गाड्यांना मोठ्यांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे. एअरबॅग एकीलाही नव्हती. त्यातली पोलो नीट बघा. नाव जर्मन, कारखाना चाकणचा. तिचा सांगाडा धडकेत टिकला, कारण तो मुळात चांगला होता. माणूस मात्र वाचण्यासारखा नव्हता, कारण युरोपात जी एअरबॅग न मागता मिळते ती भारताच्या स्वस्त मॉडेलमधून काढून टाकलेली होती. निकाल बाहेर पडल्यावर कंपनीने दोन एअरबॅग सगळ्या पोलोंना दिल्या, आणि त्या पोलोला चार तारे मिळाले. नाशिकला द्राक्षांचा एकच मळा असतो, युरोपला जाणारे घड वेगळे निवडतात आणि मार्केट यार्डात जाणारे वेगळे. फरक एवढाच की द्राक्षं आपण नुसती खातो, इथे पोराबाळांना बसवत होतो.

त्यामुळे परदेशी कंपनी आपली काळजी आपोआप करेल या समजुतीला माझ्याकडे काही आधार नाही. ती जिथे गाडी विकते तिथल्या कायद्याची काळजी करते. आपल्या सरकारने २०१९ मध्ये चालकाची एअरबॅग सक्तीची केली, मग शेजारच्या सीटची, आणि लगेच सगळ्यांना ती परवडायला लागली. दरम्यान २०१८ च्या डिसेंबरमध्ये नेक्सॉनला पाच तारे मिळाले, भारतात बनून भारतातच विकल्या जाणाऱ्या गाडीला पहिल्यांदाच. मग महिंद्राच्या एक्सयूव्ही ३०० ला मिळाले. २०२३ मध्ये आपली स्वतःची भारत एनकॅप आली. शोरूममध्ये आता लोक तारे विचारतात. अजूनही टिचकी मारतात, पण तारेही विचारतात.

आता प्रवाह उलटाही वाहतो. राजस्थानात बनलेली होंडा एलिव्हेट जपानमध्ये डब्ल्यूआर-व्ही या नावाने विकली जाते. गुरुग्रामची पाच दारांची जिम्नी २०२५ च्या सुरुवातीला जपानमध्ये आली, तेव्हा बुकिंगचा इतका लोंढा आला की काही दिवसांतच सुझुकीला ते थांबवावं लागलं. जपानी माणूस त्या गाडीला ‘इंपोर्टेड’ म्हणत असेल का, आणि म्हणत असेल तर कुठल्या सुरात, हे मला फार जाणून घ्यावंसं वाटतं. आपल्याकडे मात्र तीच जिम्नी शोरूममध्ये सवलतीत उभी होती.

खऱ्या अर्थाने बाहेरून येणाऱ्या, अख्ख्याच्या अख्ख्या उतरवलेल्या गाड्यांबद्दल आमच्या सोसायटीत एकाच घरातून माहिती मिळते. तिथल्या गृहस्थांनी काही वर्षांपूर्वी अशी एक घेतली. ४० हजार डॉलरवरच्या गाडीवर तेव्हा शंभर टक्क्यांच्या वर आयातकर होता. म्हणजे किमतीत निम्म्याहून जास्त वाटा सरकारचा आणि उरलेला कारखान्याचा. एवढ्या पैशांत घेतलेल्या गाडीची तुलना बारा लाखांच्या देशी गाडीशी करणं हा अन्याय देशी गाडीवर आहे की त्या गृहस्थांच्या खिशावर, ते तुम्ही ठरवा. गाडी बसायला अप्रतिम. सीटचं चामडं, रस्त्यावरचा शांतपणा, ताशी १२० ला स्टिअरिंगमधला तो ठामपणा. हे मी मोकळ्या मनाने सांगतो, कारण त्यांनी मला लोणावळ्यापर्यंत नेलं होतं. पण एका रिक्षाने कोपऱ्यावर हेडलॅम्प फोडला तेव्हा नवा यायला दोन महिन्यांवर काळ गेला, आणि त्या एका दिव्याच्या किमतीत बऱ्यापैकी जुनी मारुती आली असती. पोट स्पीडब्रेकरला घासतं म्हणून सोसायटीच्या फाटकाशी ते गाडी तिरकी करून चढवतात. वॉचमनला आता सवय झाली आहे, तोच हात करून सांगतो, “साहेब, डावीकडे, अजून डावीकडे.”

२०२५ च्या जुलैत ब्रिटनशी व्यापार करार झाला. त्यात ठरावीक संख्येच्या गाड्यांवरचा आयातकर टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांवर यायचा आहे. ते गृहस्थ आता म्हणतात, थोडं थांबायला हवं होतं. मला वाटतं, त्या वेळी हा प्रश्न पुन्हा नव्याने उभा राहील, आणि निदान या वेळी किंमत मधे न येता दोन गाड्या शेजारी ठेवून बघता येतील.

पण तोवर ‘देशी’ म्हणजे काय हेच ढवळून निघालं आहे. महिंद्राच्या नव्या विजेवरच्या गाड्यांत बॅटरीचे सेल चिनी कंपनीचे आहेत. २०२५ च्या एप्रिलमध्ये चीनने दुर्मीळ धातूंच्या लोहचुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घातले आणि इथल्या गाड्या बनवणाऱ्यांचे धाबे दणाणले, कारण विजेवरच्या गाडीच्या मोटरमध्ये तेच चुंबक बसतात. चाकणमध्ये जोडलेली, इथल्या इंजिनिअरांनी आखलेली, पाच ताऱ्यांची गाडी एका मुठीत मावणाऱ्या चुंबकासाठी अडू शकते. आमच्या जुन्या कारखान्यात आता मोटरचं आवरण बनतं. परवा तिथे चहाला गेलो होतो. माझ्या जागी आलेली मुलगी सांगत होती, की गिऱ्हाईक देशी आहे, ड्रॉइंग दक्षिण कोरियातल्या सल्लागाराचं आहे, पत्रा जमशेदपूरचा, आणि तपासायचं यंत्र जर्मन. मी ड्रॉइंग मागून घेतलं, चष्मा लावला आणि भोकाशेजारी बघितलं. बाण होता. दोन्ही बाजूंना.

“दोन्ही बाजूंना कशाला?” मी विचारलं.

“दोन्हीकडून वायर जाते, सर,” ती म्हणाली. “आम्हीच मागून घेतला. त्यांनी एकीकडेच दिला होता.”